प्रोग्राम संथ का चालतो ते शोधायचं कसं : लिनक्सवरच्या टूल्सची नवशिक्यांसाठी ओळख

प्रोग्राम उत्तर बरोबर देतो, पण वेळ फार खातो. अशा वेळी बहुतेक नवे प्रोग्रामर थेट कोडला हात घालतात. कुणी पायथन सोडून सगळं सी++ मध्ये पुन्हा लिहायला घेतं, कुणी थ्रेड वाढवतं, कुणी रॅम विकत आणतं. वेळ नेमका कुठे जातोय हे न पाहता केलेला असा उपाय लागू पडलाच, तर तो नशिबाने. वेग वाढवण्याचं काम शोधापासून सुरू होतं, आणि शोधाला लागणारी जवळजवळ सगळी टूल्स लिनक्सवर फुकट मिळतात. अडचण एवढीच की ती ढीगभर आहेत आणि कोणतं कधी उचलायचं हे फारसं कुणी सांगत नाही. कॉलेजात बिग-ओ, म्हणजे इनपुट वाढलं की काम कोणत्या प्रमाणात वाढतं याचा हिशेब, पाठ करून घेतात, पण चालत्या प्रोग्रामची नाडी कशी बघायची हे अभ्यासक्रमात क्वचितच असतं.

म्हणून हा लेख टूल्सच्या यादीसारखा न लिहिता प्रश्नांच्या क्रमानं लिहिला आहे. सी किंवा पायथनमध्ये शंभर-दोनशे ओळींचा प्रोग्राम लिहिता येतो आणि टर्मिनलची भीती वाटत नाही, एवढी तयारी पुरे. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. अक्षरं लहान लिपीतली, फक्त कंपायलरचा ‘-ओ’, ‘पर्फ रेकॉर्ड’चा ‘-एफ’ आणि पायथनचा ‘-एक्स’ कॅपिटलमध्ये.

पायरी १ : मोजण्याजोगी परिस्थिती तयार करा

शक्यतो खऱ्या यंत्रावर बसवलेलं लिनक्स वापरा. विंडोजच्या आत लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल किंवा व्हर्च्युअल मशीन शिकायला ठीक आहे, पण प्रोसेसरच्या आतले हार्डवेअर काउंटर तिथे पुष्कळदा मिळत नाहीत. मग त्या काउंटरवरून प्रोग्रामचं मोजमाप करणारं पर्फसारखं टूल आकड्याच्या जागी ‘नॉट सपोर्टेड’ छापतं आणि आपण उगाच इन्स्टॉलेशनमध्ये चूक शोधत बसतो. क्लाउडवरच्या स्वस्त मशीनचंही असंच असतं.

पर्फ हे लिनक्सच्या गाभ्यासोबतच, म्हणजे कर्नलसोबतच, वाढलेलं टूल आहे. २००९ मध्ये कर्नल २.६.३१ पासून ते आलं. म्हणून उबुंटूवर ते ‘लिनक्स-टूल्स’ नावाच्या पॅकेजमध्ये मिळतं आणि पॅकेजची आवृत्ती चालू कर्नलशी जुळावी लागते. बसवल्यावरही परवानगी नाही असा संदेश आला तर ‘कर्नल.पर्फ_इव्हेंट_पॅरानॉइड’ ही सेटिंग बघा. उबुंटू आणि डेबियनवर ती सुरक्षेसाठी मुद्दाम कडक ठेवलेली असते. स्वतःच्या यंत्रावर ‘सिसकंट्रोल’ वापरून ती १ केली की आपल्या प्रोसेसचं मोजमाप करता येतं. यंत्र रीस्टार्ट झालं की ती पुन्हा मूळ किमतीवर जाते, त्यामुळे प्रयोगापुरतं असं करायला हरकत नाही. ऑफिसच्या सर्व्हरवर मात्र अ‍ॅडमिनला विचारल्याशिवाय हे करू नका.

सी किंवा सी++ चा कोड कंपाइल करताना ‘-ओ२’ आणि ‘-जी’ हे दोन्ही पर्याय द्या. पहिल्यानं कंपायलर कोडची सुधारणा करतो, दुसऱ्यानं फंक्शनची नावं आणि ओळींचे क्रमांक सोबत राहतात. अनेकांना वाटतं की हे दोन्ही एकत्र चालत नाहीत, उत्तम चालतात. ‘-ओ०’ नं बनवलेल्या प्रोग्रामचा वेग मोजण्यात वेळ घालवू नका. तो प्रोग्राम तुम्ही कुणाला देणारच नसता.

आता एक ठरावीक इनपुट निवडा. प्रोग्राम निदान काही सेकंद चालेल इतकं मोठं, आणि दहा वेळा चालवलं तरी कंटाळा येणार नाही इतकं लहान. त्या इनपुटचं आजचं बरोबर उत्तर एका फाइलमध्ये जपून ठेवा. पुढे प्रत्येक बदलानंतर नवं उत्तर ‘डिफ’ लावून त्याच्याशी ताडायचं आहे. ही फाइल नसेल तर चुकीचं उत्तर झटपट देणारा प्रोग्राम हाती येऊ शकतो, आणि ते लक्षातही येत नाही.

पायरी २ : काम चाललंय की वाट पाहणं?

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारीही हीच. प्रोग्रामच्या नावाआधी ‘टाइम’ हा शब्द लिहून तो चालवा. शेवटी तीन आकडे येतात: रिअल, युजर आणि सिस. रिअल म्हणजे भिंतीवरच्या घड्याळानं गेलेला वेळ. युजर म्हणजे प्रोसेसरनं तुमच्या कोडवर घालवलेला वेळ. सिस म्हणजे तुमच्या वतीनं कर्नलनं काम करण्यात गेलेला वेळ.

समजा रिअल १४ सेकंद आला, युजर २ आणि सिस अर्धा. म्हणजे अडीच सेकंद काम झालं आणि साडेअकरा सेकंद प्रोग्राम कशाची तरी वाट पाहत बसला होता: डिस्कची, नेटवर्कची, डेटाबेसची किंवा एखाद्या लॉकची. इथे तुम्ही लूप कितीही घासूनपुसून लखलखीत केला तरी चौदातले दोनच सेकंद हाताशी आहेत. युजर जवळपास रिअलइतका असेल तर प्रोग्राम खरोखर प्रोसेसर वापरतोय, तेव्हा पायरी ४ कडे जा. युजर रिअलपेक्षा मोठा दिसला तर घाबरू नका. एकाहून जास्त कोअर कामाला लागले आहेत आणि त्यांचा वेळ एकत्र मोजला गेलाय. सिस मोठा असेल तर प्रोग्राम कर्नलला फार वेळा हाक मारतोय किंवा मेमरीची मागणी वारंवार करतोय.

आणखी एक गोष्ट. बॅशमधला ‘टाइम’ हा शेलचाच शब्द आहे. त्याशिवाय ‘/यूएसआर/बिन/टाइम’ असं पूर्ण पत्त्यासह बोलावता येणारं वेगळं जीएनयू टाइम असतं. त्याला ‘-व्ही’ पर्याय दिला की प्रोग्रामनं जास्तीत जास्त किती रॅम घेतली आणि मेजर पेज फॉल्ट किती झाले तेही कळतं. मेजर पेज फॉल्ट म्हणजे हवं ते पान मेमरीत नव्हतं म्हणून डिस्कवरून आणावं लागलं. हा आकडा हजारोंत असेल तर संथपणाचं कारण बहुधा तिथेच आहे.

पायरी ३ : वाट पाहत असेल तर कशाची?

दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘व्हीएमस्टॅट १’ चालू ठेवा. दर सेकंदाला एक ओळ येते. त्यात ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे रकाने स्वॅपचे, म्हणजे रॅममध्ये न मावल्यामुळे डिस्कवर होणाऱ्या ने-आणीचे असतात. प्रोग्राम चालू असताना ते सतत शून्याच्या वर राहिले तर रॅम अपुरी पडते आहे. ‘डब्ल्यूए’ मोठा असेल तर डिस्कचं काम अडलंय.

नेमकं कुठे अडलंय ते बघायला एस-ट्रेस घ्या. प्रोग्राम कर्नलला घालत असलेली प्रत्येक हाक, म्हणजे सिस्टिम कॉल, ते दाखवतं. सुरुवात ‘-सी’ पर्यायानं करा. त्यात शेवटी कॉलनिहाय तक्ता मिळतो. इथे एक खाच आहे. नुसत्या ‘-सी’ मध्ये मोजला जातो तो कर्नलनं प्रोसेसरवर घालवलेला वेळ. डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्यात येतच नाही, आणि खरा गुन्हेगार तक्त्यात तळाशी निरागस चेहऱ्यानं बसलेला दिसतो. सोबत ‘-डब्ल्यू’ द्या, म्हणजे घड्याळाचा वेळ मोजला जाईल. प्रोग्राम उपप्रक्रिया काढत असेल तर ‘-एफ’ सुद्धा. एस-ट्रेसमुळे प्रोग्राम बराच मंदावतो, म्हणून चालत्या सेवेवर ते लावताना जपून.

नेहमी भेटणारं एक उदाहरण घेऊ. एस-क्यू-लाइट डेटाबेसमध्ये पन्नास हजार नोंदी भरणारी स्क्रिप्ट आहे आणि ती अर्धा तास चालते. वरचा तक्ता काढला की ‘एफसिंक’ किंवा ‘एफडेटासिंक’ची संख्या नोंदींच्या पटीत दिसते आणि जवळजवळ सगळा वेळ तिथेच गेलेला असतो. कारण असं: ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्का करायचा बदलांचा गट, स्वतः सुरू केलं नाही तर एस-क्यू-लाइट प्रत्येक ‘इन्सर्ट’ला स्वतंत्र ट्रान्झॅक्शन मानतं, आणि प्रत्येक ट्रान्झॅक्शनच्या शेवटी माहिती खरोखर डिस्कवर पोहोचली याची खात्री होईपर्यंत थांबतं. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी जुनी हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. म्हणून अशा डिस्कवर सेकंदाला काही डझनांपलीकडे ट्रान्झॅक्शन होत नाहीत. एसएसडीवर परिस्थिती बरी, पण थांबणं आहेच. उपाय दोन ओळींचा: लूपच्या आधी ‘बिगिन’, लूपनंतर ‘कमिट’. अर्ध्या तासाचं काम काही सेकंदांवर येतं. हीच स्क्रिप्ट कुणी सी++ मध्ये लिहून काढली असती, तर डिस्कनं तिलाही तेवढंच थांबवलं असतं.

पायरी ४ : प्रोसेसर राबतोय, पण कशात?

पहिली झलक ‘पर्फ स्टॅट’ देतं. प्रोग्रामच्या आधी एवढं लिहून चालवा. ‘-आर ५’ जोडलं तर तो पाच वेळा चालवून सरासरी आणि फरकाची टक्केवारीही देतो. बरेच आकडे येतात. सुरुवातीला तीन पाहा: सायकल्स, इन्स्ट्रक्शन्स आणि त्यांचं गुणोत्तर, म्हणजे एका सायकलमागे किती इन्स्ट्रक्शन पूर्ण झाल्या. आजचा चांगला प्रोसेसर एका सायकलमध्ये चार किंवा त्याहून जास्त इन्स्ट्रक्शन पुऱ्या करू शकतो. हा आकडा १ च्या बराच खाली असेल तर प्रोसेसर बहुधा मेमरीची वाट पाहतोय. मात्र हा आकडा मोठा आहे म्हणून प्रोग्राम चांगला, असं समजू नका. निरुपयोगी कामही प्रोसेसर फार तत्परतेनं करतो.

मेमरीची वाट पाहणं म्हणजे काय हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावंच. त्यासाठी एक छोटा प्रयोग सांगतो. मन लावून करण्यासारखा आहे.

सी मध्ये १०,००० ओळी आणि १०,००० स्तंभांचं डबल संख्यांचं मॅट्रिक्स घ्या. एक डबल ८ बाइटचा, म्हणजे एकूण ८० कोटी बाइट. त्यातल्या सगळ्या संख्यांची बेरीज करणारे दोन प्रोग्राम लिहा. एकात बाहेरचा लूप ओळींचा आणि आतला स्तंभांचा, दुसऱ्यात उलट. फरक फक्त दोन ‘फॉर’च्या अदलाबदलीचा. तीन काळज्या घ्या. मॅट्रिक्स आधी संख्यांनी भरा. न भरलेली मेमरी नुसती वाचली तर कर्नल सगळीकडे एकच शून्याचं पान दाखवतो आणि प्रयोग खोटा ठरतो. बेरीज शेवटी छापा. उत्तर कुणी वापरत नाही हे दिसलं की कंपायलर अख्खा लूप उडवून टाकतो. आणि ‘-ओ३’ ऐवजी ‘-ओ२’ वापरा, कारण ‘-ओ३’ मध्ये नव्या जीसीसी कंपायलरला लूपची अदलाबदल स्वतःहून करण्याची मुभा असते.

आता दोन्हींवर ‘पर्फ स्टॅट’ चालवा. इन्स्ट्रक्शनची संख्या साधारण सारखी येईल, पण स्तंभानं चालणाऱ्या प्रोग्रामला सायकल्स कित्येक पट जास्त लागलेल्या दिसतील. ‘-ई’ पर्यायात ‘कॅश-मिसेस’ आणि ‘डीटीएलबी-लोड-मिसेस’ मागितले की कारण उघडं पडतं.

प्रोसेसर मेमरीतून एक-एक संख्या आणत नाही. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्ये तो ६४ बाइटचा एक पट्टा, म्हणजे कॅश लाइन, उचलतो आणि कॅश नावाच्या आपल्याजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत ठेवतो. त्यात आपले आठ डबल मावतात. सी मध्ये एका ओळीतल्या संख्या मेमरीत शेजारीशेजारी असतात. ओळीनं चालताना एका पट्ट्यात पुढच्या सात संख्या आयत्या मिळतात, शिवाय प्रोसेसरला क्रम ओळखून पुढचे पट्टे आधीच मागवता येतात. स्तंभानं चालताना प्रत्येक पाऊल ८०,००० बाइट लांब पडतं. प्रत्येक वेळी नवा पट्टा, त्यातली एकच संख्या वापरायची. एक स्तंभ संपेपर्यंत १०,००० पट्टे, म्हणजे ६ लाख ४० हजार बाइट, हाताळून झालेले असतात. सर्वांत जवळची एल-१ कॅश सहसा ३२ किंवा ४८ किलोबाइटची, त्यामुळे पुढच्या स्तंभासाठी परत येईपर्यंत जुने पट्टे तिथून कधीच बाहेर गेलेले असतात. भरीला मेमरीचं पान ४,०९६ बाइटचं, म्हणून प्रत्येक पावलाला पानही बदलतं. पानांचे पत्ते लक्षात ठेवणारा टीएलबी नावाचा तक्ता १०,००० पानांना पुरत नाही. एल-१ मधून संख्या यायला चार-पाच सायकल लागतात. मुख्य मेमरीपर्यंत जावं लागलं तर ८० ते १०० नॅनोसेकंद, म्हणजे ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर अडीचशे-तीनशे सायकल. बिग-ओच्या भाषेत मात्र दोन्ही प्रोग्राम अगदी सारखे!

फोरट्रानमध्ये हा नियम उलटा आहे: तिथे स्तंभातल्या संख्या शेजारी असतात. हवामानाची मोठी मॉडेल्स आजही मोठ्या प्रमाणात फोरट्रानमध्ये आहेत. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत, जिथे २०२४ पासून अर्क हा महासंगणक आहे, तिथे किंवा तशा एखाद्या संस्थेत प्रोजेक्टला जाणाऱ्या आणि सी शिकून आलेल्या विद्यार्थ्यानं लूपचा क्रम आधी तपासावा. महासंगणक झाला तरी मेमरीचा नियम तोच.

‘पर्फ स्टॅट’मध्ये आणखी एक आकडा बघण्यासारखा आहे, तो ‘ब्रँच-मिसेस’चा. ‘इफ’ कोणत्या बाजूला जाईल याचा प्रोसेसर आधीच अंदाज बांधतो. अंदाज चुकला की पंधरा-वीस सायकल वाया जातात. टक्केवारी एक-दोनच्या आत असेल तर त्याची चिंता सोडा.

पायरी ५ : कोणत्या फंक्शनमध्ये?

‘पर्फ स्टॅट’ रोग सांगतं, जागा नाही. जागेसाठी ‘पर्फ रेकॉर्ड -एफ ९९ -जी’ चालवा आणि मग ‘पर्फ रिपोर्ट’. पर्फ सेकंदाला ९९ वेळा डोकावून पाहतं की प्रोसेसर आत्ता कोणत्या फंक्शनमध्ये आहे आणि तिथे तो कुणाकुणामार्फत पोहोचला. ९९ का, १०० का नाही? प्रोग्राममध्ये सेकंदाच्या दर शंभराव्या भागाला काही घडत असेल, तर दोघांची पावलं जुळतील आणि नमुना एकांगी होईल. ती जुळू नयेत म्हणून.

रिपोर्टमध्ये फंक्शनच्या नावांऐवजी नुसते आकडे किंवा तुटलेल्या साखळ्या आल्या तर कंपाइल करताना ‘-एफनो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर’ द्या. फेडोरा ३८ पासून आणि उबुंटू २४.०४ पासून त्यांची स्वतःची पॅकेजेस बहुतांशी अशीच बनवली जातात, त्यामुळे सिस्टिमच्या लायब्ररीतून जाणारी साखळीही आता नीट दिसते. मागे हे फार त्रासाचं होतं.

रिपोर्टची लांबलचक यादी वाचणं सुरुवातीला जड जातं. त्यावर ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये एक सुरेख तोडगा काढला, फ्लेम ग्राफ. प्रत्येक फंक्शन एक आडवी पट्टी, आणि त्यानं बोलावलेलं फंक्शन तिच्या डोक्यावर. पट्टी जितकी रुंद तितके जास्त नमुने तिथे सापडले. नवे वाचक इथे हमखास फसतात: डावीकडून उजवीकडे जाणारी बाजू काळाची नसते, पट्ट्या नावांच्या वर्णानुक्रमानं लावलेल्या असतात. रंगांनाही सहसा अर्थ नसतो. नजर टाकायची ती वरच्या कडेवर. सपाट, रुंद माथा जिथे दिसेल तिथे वेळ खर्च होतोय.

जुन्या ट्युटोरियलमध्ये तुम्हाला जीप्रॉफ दिसेल. १९८२ मध्ये बर्कलीत तयार झालेलं हे टूल मानाचं आहे, पण अनेक थ्रेडच्या प्रोग्रामशी त्याचं नीट जमत नाही. आज शिकायचं तर पर्फच शिका.

पायथन वापरणाऱ्यांसाठी

पायथनसोबत सी-प्रोफाइल येतंच. ते प्रत्येक फंक्शन कॉलची नोंद ठेवतं, म्हणून लहान लहान फंक्शन खूप असतील तर आकडे फुगतात. शिवाय त्याची एक मर्यादा नवख्यांना फार छळते. ती नीट पाहू.

दोन याद्या आहेत, प्रत्येकी पन्नास हजार नावांच्या. पहिल्या यादीतली कोणती नावं दुसरीत नाहीत ते काढायचं आहे. सहज लिहिला जाणारा कोड असा: पहिल्या यादीवर लूप, आत ‘इफ नाव नॉट इन दुसरी’. दुसरी ही लिस्ट असल्यामुळे प्रत्येक नावासाठी पायथन ती सुरुवातीपासून चाळतो. वाईटात वाईट स्थितीत ५०,००० गुणिले ५०,०००, म्हणजे २५० कोटी तुलना. सी-प्रोफाइल लावलं तर ते फक्त सांगतं की ‘फरक_काढा’ या तुमच्या फंक्शनमध्ये सगळा वेळ गेला. ‘इन’ हा ऑपरेटर आहे, त्याला स्वतःची ओळ मिळत नाही. फंक्शन चाळीस ओळींचं असेल तर तुम्ही होता तिथेच!

अशा वेळी पाय-स्पाय घ्या. ते चालत्या पायथन प्रक्रियेला बाहेरून चिकटतं, प्रोग्राममध्ये एक अक्षर बदलावं लागत नाही, आणि ओळीचा क्रमांकही दाखवतं. ‘पाय-स्पाय टॉप’ला प्रक्रियेचा क्रमांक द्या, बहुतेक यंत्रांवर सुडो लागेल. ‘इन’ची ओळ लगेच वर येते. मग लूपच्या आधी दुसऱ्या यादीचा एकदाच सेट करायचा आणि शोध त्यात घ्यायचा. सरासरी पाहता प्रत्येक नावाला एक हॅश आणि एखाद-दुसरी तुलना पुरते. सेट लूपच्या आत बनवू नका. तेही पुष्कळ जण करतात आणि मग सेटला नावं ठेवतात.

पायथन ३.१२ पासून ‘-एक्स पर्फ’ दिल्यावर लिनक्सवर पर्फलाही पायथनच्या फंक्शनची नावं दिसतात. नमपायसारख्या सी मध्ये लिहिलेल्या लायब्ररी वापरत असाल तर याचा मोठा फायदा होतो, कारण दोन्ही भाषांची साखळी एकाच चित्रात येते.

मेमरीच्या तक्रारी

यावर थोडक्यात. प्रोग्राम सुरुवातीला वेगात असतो आणि तासाभरानं रखडतो, ही गळतीची, म्हणजे घेतलेली मेमरी परत न करण्याची, नेहमीची खूण. सी आणि सी++ साठी दोन टूल्स: २००२ पासूनचं व्हॅलग्रिंड आणि जीसीसी-क्लँगमध्ये असलेलं अ‍ॅड्रेस सॅनिटायझर. व्हॅलग्रिंडला पुन्हा कंपाइल करण्याची गरज नाही, पण प्रोग्राम वीस-तीस पट मंदावू शकतो. सॅनिटायझरसाठी ‘-एफसॅनिटाइझ=अ‍ॅड्रेस’ देऊन पुन्हा कंपाइल करावं लागतं, आणि मंदावणं साधारण दुपटीचं असतं. रोजच्या चाचण्यांत सॅनिटायझर कायम लावून ठेवावं असं माझं ठाम मत आहे. व्हॅलग्रिंड हाती फक्त तयार बायनरी असेल तेव्हा. दोन्हीपैकी काहीही चालू असताना वेगाचे आकडे घेऊ नका.

पायरी ६ : एकच बदल, पुन्हा मोजमाप

जागा सापडली. हात घालण्याआधी मिळकतीचा हिशेब करा. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम इथे कामाला येतो. एखादं फंक्शन एकूण वेळाच्या १० टक्के खात असेल, तर ते शून्य वेळात चालवलं तरी अख्खा प्रोग्राम १.११ पटच वेगवान होईल. ६० टक्के खाणारं फंक्शन नाहीसं केलं तर अडीच पट. दोन दिवस कशावर खर्च करायचे ते या आकड्यांवरून ठरवा. हौसेला काय, कुठलाही कोपरा गोड वाटतो.

बदल एका वेळी एकच. तीन बदल एकत्र केले आणि वेग वाढला, तर त्यातला एक नुकसान करत असूनही झाकला जातो.

तुलनेसाठी हायपरफाइन हे छोटं टूल फार सोयीचं आहे. जुनी आणि नवी कमांड दोन्ही अवतरणांत द्या. ते प्रत्येक कमांड किमान दहा वेळा चालवून सरासरी, चढउतार आणि किती पट फरक ते सांगतं. ‘--वॉर्मअप ३’ दिलं की पहिल्या तीन फेऱ्या धरल्या जात नाहीत, कारण पहिल्या फेरीत फाइल डिस्कवरून येते आणि नंतर मेमरीतल्या कॅशमधून. तुमचा प्रोग्राम प्रत्यक्षात दिवसातून एकदाच, थंड कॅशवर चालणार असेल तर मात्र उलटं करा: ‘--प्रिपेअर’ वापरून प्रत्येक फेरीआधी कॅश रिकामी करा. खऱ्या वापराशी जुळेल तेच मोजमाप.

लॅपटॉप चार्जरला लावा, ब्राउझर बंद करा. बॅटरीवर प्रोसेसर वेग कमी करतो. तापला तरी करतो. आणि दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर आनंद मानू नका. २००९ मध्ये मिटकोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की नुसत्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सचा आकार किंवा लिंक करतानाचा फाइलींचा क्रम बदलला तरी त्याच प्रोग्रामचा वेग लक्षात येण्याइतका बदलतो, कारण मेमरीतल्या जागा सरकतात. युजरनेमही या व्हेरिएबल्समध्ये असतं, म्हणजे ते लांब असण्यानंही निकाल हलू शकतो. एवढ्याशा फरकासाठी कोड किचकट करावा का, याचं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असतं.

थ्रेड वाढवण्याचा विचार इथपर्यंत आल्यावर करा. एका थ्रेडवर नीट चालणारा प्रोग्राम आठ थ्रेडवर उलट मंदावला, तर वेगवेगळ्या थ्रेडचे काउंटर एकाच ६४ बाइटच्या पट्ट्यात तर बसलेले नाहीत ना, ते बघा. तसं असेल तर प्रत्येक जण लिहिताना तो पट्टा दुसऱ्याकडून हिसकावून घेतो. ‘पर्फ सी-टू-सी’ हे नेमकं शोधून देतं, आणि काउंटरमध्ये अंतर ठेवलं की प्रश्न सुटतो.

पायरी ७ : कमावलेला वेग टिकवणं

बदललेला कोड गिटमध्ये नोंदवताना कमिट संदेशात चार गोष्टी लिहा: कोणतं इनपुट, कोणतं यंत्र आणि कंपायलर, आधीचा वेळ, नंतरचा वेळ. सहा महिन्यांनी कुणी तो विचित्र दिसणारा कोड ‘स्वच्छ’ करायला येईल, तेव्हा हाच संदेश त्याला थांबवतो किंवा पुन्हा मोजून बघायला लावतो.

कोड टाकला की आपोआप चाचण्या चालवणारी व्यवस्था असेल तर त्यात वेगाची चाचणीही घालता येते, पण घड्याळावर विसंबू नका. ती यंत्रं सामायिक असतात, शेजारच्या कामाच्या गर्दीनं आकडे हलतात आणि खोटे इशारे येऊ लागले की टीम ते वाचणंच सोडते. त्याऐवजी व्हॅलग्रिंडमधलं कॅशग्रिंड वापरून किती इन्स्ट्रक्शन चालल्या ते मोजा. ती संख्या फेरीगणिक जवळपास तीच येते, म्हणून अगदी छोटी घसरणही स्पष्ट दिसते. एस-क्यू-लाइट बनवणारी मंडळी आपल्या लायब्ररीचा वेग याच पद्धतीनं जोखतात, आणि एकेकट्यानं न जाणवणाऱ्या शेकडो छोट्या सुधारणा त्यांना त्यामुळेच पकडता आल्या. मात्र नुसत्या इन्स्ट्रक्शनच्या संख्येत वरच्या मॅट्रिक्सचा दोष दिसणार नाही. व्हॅलग्रिंड ३.२१ पासून कॅशग्रिंड कॅशची नक्कल आपणहून करत नाही. ती हवी असेल तर ‘--कॅश-सिम=येस’ द्यावं लागतं.